दाढ काढल्यावर खड्ड्यात काय भरतात?



आपलं वय आता दाढा काढायचं झालंय, म्हणून आज संगणकाऐवजी जबड्यावर बोलते.

दाढ निघाली की तिच्याभोवतीचं हाड ओसरू लागतं. पहिल्या 6 महिन्यांत रुंदी सरासरी जवळजवळ 4 मिलिमीटरने घटते. पुढे इम्प्लांट बसवायचं तर स्क्रूला पकड हवी, म्हणून खड्ड्यात भुकटी भरतात. नवं हाड तिच्या आधाराने वाढतं. बांधकामाला परांची लागते तसं.

माझ्या आईच्या वेळी डॉक्टर सहज म्हणाले, भुकटी गायीच्या हाडाची आहे. आई माळकरी. "गळ्यात माळ आणि जबड्यात गाय? नको रे बाबा!" त्यातलं प्रथिन काढून फक्त खनिज ठेवतात, हे त्यांनी समजावलं. आई हटली नाही, आणि मला तिचंच पटलं. निदान त्यांनी सांगितलं तरी. संमतिपत्रावर नुसतं 'बोन ग्राफ्ट' होतं. तिने कृत्रिम कॅल्शियम फॉस्फेट घेतलं.

तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागले. समुद्रातल्या लाल शेवाळाच्या चुनखडीपासून बनवलेली भुकटी युरोपात काही दशकं जबड्यात वापरली जातेय. त्याहून गंमत वेताची. इटलीतल्या फाएन्झाच्या संशोधकांनी 2009 मध्ये मांडलेली रीत अशी: वेत हवेविना तापवून कोळसा करायचा, मग टप्प्याटप्प्याने त्याचं हाडातल्या खनिजात रूपांतर करायचं. वेतातल्या बारीक नळ्या तशाच राहतात आणि त्यांतून रक्तवाहिन्या शिरतात. (आपल्या पिढीला वेताचा हा उपयोग नवाच!) कॅनडात ओटावा विद्यापीठात सफरचंदाच्या पेशी धुऊन उरलेली सेल्युलोजची जाळी उंदरांच्या कवटीत बसवून पाहिली. पण सेल्युलोज पचवणारं विकर आपल्या शरीरात नाही, त्यामुळे ती जाळी विरघळून जात नाही. मला ही मोठी अडचण वाटते.

आणि आपली कांडवेल, म्हणजे हाडजोड? प्राण्यांवरच्या प्रयोगांत ती आशादायक दिसलीय. पण म्हणून परसातली वेल वाटून खड्ड्यात कोंबू नका, जंतुसंसर्ग होईल.

भुकटी कशाची, हे दाढ काढायच्या आदल्या दिवशी विचारा. खुर्चीत तोंड उघडं असताना विचारता येत नाही. आपल्या वर्गात दोन दंतवैद्य आहेत. जेवणाच्या सुट्टीत त्यांना गाठा, श्रीखंड संपायच्या आत.