चांदीचा डोंगर आणि चांदीची नदी



परदेशप्रवासावर बोलणारे विद्वान वक्ते या व्याख्यानमालेत पुष्कळ येऊन गेले. मी त्यांपैकी नव्हे. माझे शिक्षण नववीपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत आणि फाटकावरच्या सभांत. गेल्या वर्षी पुतण्याच्या आग्रहाने, आणि बव्हंशी त्याच्याच पैशाने, पाठीवर एक पिशवी टाकून दक्षिण अमेरिकेत अकरा दिवस हिंडलो. त्याला स्पॅनिश येते, मला प्रश्न विचारता येतात. एवढ्या भांडवलावर दोन शहरे पाहिली. एक बोलिव्हियातील पोतोसी, दुसरे अर्जेंटिनाची राजधानी ब्वेनोस आइरेस. अकरा दिवसांत देश कळत नाही. पण तीस वर्षे बाळगलेली माझी एक समजूत त्या अकरा दिवसांत डळमळली. तीच आज आपल्यापुढे ठेवावयाची आहे.

पोतोसी सुमारे ४,००० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ अडीचपट. दहा पावले चालले की छाती भरून येते. गावावर एक तांबूस डोंगर उभा आहे, सेर्रो रिको, म्हणजे श्रीमंत डोंगर. १५४५ साली स्पॅनिश लोकांनी त्यातून चांदी काढावयास सुरुवात केली. एक काळ असा होता की जगातल्या मोठ्या शहरांत या गावाची गणना होई. स्पॅनिश अमेरिकेतली ही चांदी जगभर फिरली. तिचा काही भाग व्यापाऱ्यांच्या हातून सुरतेस येऊन मोगली रुपयांत वितळला.

ती काढली कोणी? सोळाव्या शतकात व्हाइसरॉय तोलेदो याने दूरदूरच्या आदिवासी गावांवर सक्तीच्या मजुरीची पाळी लादली. तिला 'मिता' म्हणत. मूळ केचुआ भाषेत त्या शब्दाचा अर्थच 'पाळी'. मी गिरणी कामगाराचा मुलगा. 'पहिली पाळी', 'रातपाळी' हे शब्द ऐकत वाढलो. तो अर्थ कळला तेव्हा अंगावर काटा आला.

डोंगर अजून पोखरला जात आहे. बाजारात कोकाची पाने घेतली आणि खाणीत भेट म्हणून नेली. ती गालात धरून माणसे तासन्‌तास काम करतात. भूक आणि थकवा कमी भासतो. आत बोगद्यात शिंगे असलेली एक मातीची मूर्ती आहे, 'एल तिओ', म्हणजे काका. त्याला सिगारेट आणि दारू वाहतात, कारण जमिनीखाली त्याची सत्ता. दसऱ्याला यंत्रांना हार घालणाऱ्या आपल्या लोकांना यात हसण्यासारखे काही नाही.

आता माझ्या समजुतीविषयी. १९५२ च्या क्रांतीनंतर बोलिव्हियातल्या मोठ्या खाणी सरकारच्या झाल्या. १९८५ साली कथिलाचा भाव कोसळला, सरकारने हात आखडता घेतला आणि वीस हजारांहून अधिक खाणकामगार घरी बसले. माझे वडील १९८२ च्या संपात गिरणीबाहेर पडले ते पुन्हा आत गेलेच नाहीत. त्यामुळे 'घरी बसणे' म्हणजे काय ते मला निराळे शिकावे लागले नाही. त्यांतल्या कित्येकांनी सहकारी संस्थांमधून तोच डोंगर पुन्हा खणावयास घेतला. मालक नाही, साहेब नाही. मला वाटले, हेच तर आपण मागत आलो!

बोगद्याच्या तोंडाशी एक तरुण भेटला. विचारले, "संस्थेचा सभासद आहेस?" म्हणाला, "नाही. सभासद माझा मामा. मी रोजंदार." माल चांगला लागला तर मामाला हिस्सा, याला ठरलेली मजुरी. फुप्फुसात धूळ मात्र दोघांच्याही सारखीच जाते. मालक गेला होता. मालकी मात्र राहिली होती.

तिथून बसने सीमेवर उतरलो, व्हियासोनचा पूल पायी ओलांडला आणि दिवसाहून अधिक वेळ बसमध्ये बसून ब्वेनोस आइरेसला पोचलो. सपाट, रुंद रस्त्यांचे शहर. १९१३ पासून तेथे भुयारी रेल्वे आहे. काठाच्या नदीचे नाव रिओ दे ला प्लाता, म्हणजे चांदीची नदी. १७७६ नंतर पोतोसीची चांदी याच बंदरातून बाहेर जाऊ लागली. डोंगर तिकडे झिजला आणि बंदर इकडे फुगले.

तेथेही २००१ साली मोठे आर्थिक अरिष्ट आले. त्या सुमारास बंद पडलेले कारखाने कामगारांनी ताब्यात घेऊन चालविले. अल्माग्रो भागातील 'इम्पा' हा ॲल्युमिनियमचा कारखाना तर १९९८ पासूनच कामगारांच्या हाती आहे. त्याच इमारतीत शाळा आणि नाट्यप्रयोगही चालतात. आम्ही एका छोट्या छापखान्यात दुपारभर बसलो. तिथल्या म्हाताऱ्या जुळाऱ्याला मी पोतोसीचाच प्रश्न घातला: "नवा माणूस घेता तेव्हा तो कोण असतो?" तो म्हणाला, "सहा महिने शिकाऊ. मग सभासद. त्यालाही एक मत, मलाही एक." यंत्रे जुनी, कर्ज मिळावयास अडचण, महिनाअखेरीस ओढाताण, त्याने काहीच लपविले नाही. पण दार उघडे होते.

दोन्हीकडे शब्द एकच: सहकार. फरक दाराचा.

परत येताना विमानात झोप लागली नाही. माझ्या स्वतःच्या युनियनमध्ये कायम कामगार सभासद आहेत. त्याच यंत्रावर, त्याच पाळीत काम करणारे कंत्राटी कामगार नाहीत. "त्यांना घेतले तर आपला करार ढिला पडेल," असे मीच एकदा सभेत म्हटले होते आणि टाळ्या घेतल्या होत्या. पोतोसीचा तो मामा दुसरे काय करीत होता?

आल्यावर त्यांना सभासद करून घेण्याचा ठराव मांडला. तो पडला. माझ्याच जुन्या सोबत्यांनी पाडला. या महिन्यात पुन्हा मांडणार आहे. कदाचित पुन्हा पडेल.

आपणही उद्या सकाळी घरापुढचा रस्ता झाडणाऱ्या बाईंना विचारून पाहा, त्या कोणाकडे नोकरीला आहेत. उत्तर द्यावयास त्यांना किती वेळ लागतो, तेवढे लक्षात ठेवा. पोतोसीला जाण्याचा आपला खर्च वाचेल.