दुसरी प्रत

शाळेच्या कपाटात एक जाडजूड वही असते. आम्ही शिक्षक तिला जनरल रजिस्टर म्हणतो. मुलाचे नाव, त्याची जन्मतारीख, तो शाळेत केव्हा आला आणि केव्हा गेला, हे सर्व तीत नोंदलेले असते. वीस-तीस वर्षांनी एखादे गृहस्थ दाखल्याची नक्कल मागावयास येतात, तेव्हा त्यांचे मोठे काम त्या एका ओळीवर अडून राहिलेले असते. विद्यापीठाचे दप्तर म्हणजे अशा हजारो वह्याच होत. मात्र आज त्यांतील बहुतेक वह्या कपाटात नसून संगणकात असतात. त्या संगणकांना कोणी परक्याने आपले कुलूप घातले तर काय होते, हे एका घडलेल्या गोष्टीवरून सांगण्याचा आज माझा विचार आहे.

नेदरलँड्सच्या दक्षिण टोकाला मास्ट्रिख्त नावाचे शहर आहे. तेथे 1976 साली विद्यापीठ स्थापन झाले. 2019 साली त्यात सुमारे 19,000 विद्यार्थी शिकत होते. त्या वर्षी 23 डिसेंबरच्या संध्याकाळी, नाताळ अवघ्या दोन दिवसांवर आला असताना, विद्यापीठाचे 267 सर्व्हर, म्हणजे इतर संगणकांना माहिती पुरविणारे मुख्य संगणक, एकाएकी निरुपयोगी झाले. फायली जागच्या जागी होत्या, पण त्यांतील मजकूर कोणालाच वाचता येईना. हल्लेखोरांनी तो सांकेतिक लिपीत बदलून टाकला होता आणि ती लिपी उलगडण्याची किल्ली स्वतःजवळ ठेवली होती. ती किल्ली हवी असेल तर खंडणी द्या, अशी त्यांची मागणी होती.

हे चोर त्याच संध्याकाळी आत शिरले असे मात्र कोणी समजू नये. 15 आणि 16 ऑक्टोबरला विद्यापीठातील काही जणांना साधी दिसणारी ई-पत्रे आली होती. पत्रातील दुवा उघडला की एक्सेलचा एक तक्ता समोर येई आणि त्या तक्त्याच्या पोटात चोरांचा प्रोग्रॅम दडलेला असे. अशी आमिषाची पत्रे धाडण्याला फिशिंग म्हणतात. दोन संगणकांवर तो दुवा उघडला गेला. पुढे एका सर्व्हरवर सुरक्षेच्या आवश्यक सुधारणा बसविलेल्या नव्हत्या. त्या उघड्या खिडकीतून चोरांनी नोव्हेंबरच्या उत्तरार्धात साऱ्या यंत्रणेवर ताबा मिळविला. म्हणजे सुमारे दहा आठवडे ते घरात वावरत होते आणि घरच्यांना त्याचा पत्ता नव्हता.

आपण विचाराल, एवढ्या मोठ्या संस्थेजवळ माहितीची दुसरी प्रत नव्हती काय? प्रत होती. तथापि काही महत्त्वाच्या यंत्रणांची प्रत त्याच जाळ्याला जोडलेली होती. चोरांनी मूळ दप्तराबरोबर तिलाही कुलूप घातले. एकाच कपाटाच्या दोन कप्प्यांत दोन वह्या ठेवल्या आणि कपाटालाच आग लागली, तसा हा प्रकार झाला.

आता विद्यापीठाच्या चालकांपुढे मोठे धर्मसंकट उभे राहिले. खंडणी द्यावी तर गुन्हेगारांचे हात बळकट होतात, शिवाय तो पैसा शिक्षणासाठी आलेला. न द्यावी तर सारी यंत्रणा पायापासून उभारावयास कित्येक महिने लागणार, परीक्षा लांबणार, आणि कोणाचे वर्षानुवर्षांचे संशोधन कायमचे बुडणार. अखेरीस डिसेंबर संपण्यापूर्वी विद्यापीठाने 30 बिटकॉइन, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने जवळजवळ दोन लाख युरो, दिले व किल्ली मिळविली. 6 जानेवारी 2020 रोजी शिक्षणाचे काम पुन्हा सुरू होऊ शकले. हा निर्णय योग्य होता की अयोग्य, ह्याविषयी आजही दुमत आहे. मला स्वतःला खंडणी देणे पटत नाही. परंतु परीक्षेच्या तोंडावर असलेली हजारो मुले डोळ्यांपुढे आणली की दुसऱ्याला दोष देण्यास माझी जीभ रेटत नाही.

त्यानंतर विद्यापीठाने जे केले ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. लाजेने गप्प न बसता 5 फेब्रुवारी 2020 रोजी त्याने सभा भरविली व काय घडले, कोठे चुकले, किती पैसे दिले, हे चौकशीच्या अहवालासह जगापुढे मांडले. इतर विद्यापीठांनी ह्यातून शिकावे, हा हेतू. ह्या कथेला एक अनपेक्षित शेवटही आहे. पोलिसांनी त्या पैशाचा माग काढला आणि 2020 साली खंडणीचा काही भाग गोठविला. तेव्हा त्याची किंमत सुमारे 40,000 युरो होती. 2022 साली, बिटकॉइनचा भाव चढल्यामुळे, ती पाच लाखांच्या आसपास गेली होती. ही रक्कम अडचणीतील विद्यार्थ्यांच्या साहाय्यार्थ वापरण्याचे विद्यापीठाने जाहीर केले. अर्थात असे दैव प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही.

आणि दप्तर बुडावयास चोरच लागतो असेही नाही. जपानच्या क्योटो विद्यापीठात डिसेंबर 2021 मध्ये, जुन्या नोंदी पुसण्यासाठी योजिलेल्या प्रोग्रॅममधील दोषामुळे, महासंगणकावरील सुमारे 3 कोटी 40 लाख फायली नष्ट झाल्या. 14 संशोधनगटांचे काम त्यात सापडले. तेथे शत्रू कोणीच नव्हता. नित्याची देखभाल चालू होती.

श्रोतेहो, आपल्याकडेही आता गुणपत्रिका आणि पदव्या डिजिलॉकरमध्ये ठेवल्या जातात. आपल्या मुलांची आयुष्ये ह्या अदृश्य वह्यांत लिहिली जात आहेत. तेव्हा प्रत्येक शाळेने, महाविद्यालयाने तीन गोष्टी कराव्यात. महत्त्वाच्या माहितीची एक प्रत जाळ्यापासून तोडून, निराळ्या जागी ठेवावी. ती प्रत खरोखर उघडते की नाही, हे अधूनमधून उघडून पाहावे. संगणकाच्या सुरक्षेच्या सुधारणा आल्या की त्या त्वरित बसवाव्यात.

चौथी गोष्ट यंत्राची नाही, मनाची आहे. घाईत एखादा चुकीचा दुवा कोणाच्याही हातून उघडला जाईल, माझ्याही. त्या क्षणी, "साहेब, माझ्या हातून असे झाले," असे त्या कारकुनाला निर्धास्तपणे सांगता आले पाहिजे. ज्या कचेरीत चूक कबूल करणाऱ्याला शिक्षा होते, तेथे चूक लपविली जाते, आणि लपविलेली चूक चोराला हवा तितका अवधी देते. मुलांना आम्ही वर्गात खरे बोलावयास शिकवितो. ते बोलण्याची सोय आपण मोठ्यांनी एकमेकांसाठी करून ठेवली, तर आपली दप्तरे पुष्कळ सुरक्षित राहतील.