अकरा महिन्यांचे बिऱ्हाड

बीडला किंवा अंबाजोगाईला मुलांच्या शिक्षणासाठी आपण दोन खोल्या पाहावयास गेलात, की घरमालक भाडे सांगतो आणि लगेच म्हणतो, "करार अकरा महिन्यांचाच हं!" बारा का नाही, हे कुणी विचारीत नाही. आज तेच विचारू या.

1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागे. अकरा महिन्यांत ती कटकट टळे. पण खरे कारण मालकाच्या मनातले भय होय.

मुंबईत 1947 च्या कायद्याने भाडे सप्टेंबर 1940 च्या पातळीवर गोठविले. मराठवाड्याला हैदराबाद राज्याचा 1954 चा कायदा होता. महागाईत गरीब बिऱ्हाडे त्यामुळे तगली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु बाजारभाव चढत राहिले नि गोठलेले भाडे तिथेच राहिले. मग माळवद गळो की भिंत फुगो, मालक म्हणे, मी का खर्च करू? नव्या माणसाला तर जागाच मिळेना. मिळाली तर पागडी देऊन. 1997 साली सर्वोच्च न्यायालयानेच म्हटले, की असे गोठवणे आता वाजवी राहिलेले नाही.

म्हणून 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. 31 मार्च 2000 पासून तो लागू झाला. त्यात भाडेकरूचे भाडे वर्षाला 4 टक्क्यांनी वाढविता येते. तीन हजारांवर एकशेवीस रुपये. दोघांनाही झेपेल असे.

मात्र एक मेख आहे. आपल्या कागदावर 'लीव्ह अँड लायसन्स' असेल, तर आपण भाडेकरू नव्हे, परवानाधारक! मुदत संपली की घर सोडावे लागते. न सोडल्यास दुप्पट रक्कम भरावी लागते. ही 4 टक्क्यांची मर्यादाही तिथे आडवी येत नाही.

तेव्हा सही करण्यापूर्वी मुदत वाचा. मुलगी नववीत असेल, तर दहावीच्या परीक्षेपर्यंतची मागा. करार अकरा महिन्यांचा असला तरी आता नोंदवावाच लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची. लेखी नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत, उलट सिद्ध होईपर्यंत, आपलेच म्हणणे ग्राह्य धरतात. दिलेल्या पैशाची पावती मागणे हाही आपला हक्क आहे. ती मागताना संकोच कसला?