वेळा अमावास्येची कोपी

(शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्यांपुढे केलेले भाषण)



बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई-परळीकडील भागात आणि लगतच्या लातूर व धाराशिव जिल्ह्यांत मार्गशीर्ष अमावास्येला गावे ओस पडतात. घरांना कड्या लागतात आणि सारे गाव शिवारात उतरते. ही वेळा अमावास्या होय. बोलीत आपण तिला येळवस म्हणतो. कलबुर्गी-बीदरकडे तिला एळ्ळ अमावास्या म्हणतात. कन्नडमध्ये एळ्ळु म्हणजे तीळ. दोन भाषांच्या शेतकऱ्यांनी मिळून जपलेला असा हा सण आहे.

डिसेंबरअखेरीस किंवा जानेवारीच्या प्रारंभी तो येतो. तूर काढणीला आलेली असते, रब्बी ज्वारी कणसावर येत असते, हरभऱ्याला घाटे धरत असतात. अर्धे पीक हाती आणि अर्धे अद्याप दैवाच्या स्वाधीन, अशी ही वेळ असते. म्हणून या सणात कृतज्ञता जितकी, तितकीच काळजीही आढळते.

शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोपी उभारतात. तीत चुन्याने रंगविलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात व लक्ष्मीची पूजा करतात. हरभरा, तूर, वाल, शेंगदाणे आणि पालेभाज्या एकत्र शिजवून केलेली भज्जी, ताकात ज्वारीचे पीठ घालून केलेली आंबील, बाजरीचे उंडे आणि गव्हाची खीर यांचा नैवेद्य असतो. वाटेने जाणारा अनोळखी माणूसही त्या दिवशी उपाशी जात नाही. त्याला हाक मारून पंगतीला बसवितात.

यानंतर रक्षणाचे विधी होतात. घरातील एक जण आंबिलीचे भांडे घेऊन शेताच्या कडेकडेने ती पिकावर शिंपडत जातो आणि बाकीचे पुकारा करीत त्याच्यामागे चालतात. यास चर शिंपणे म्हणतात. सायंकाळी कडब्याचा हेंडगा पेटवून ओवाळतात. पिकावरील रोगराई व इडापिडा दूर जावी, हा त्यामागील भाव होय.

बंजारा तांड्यांवरही हाच भाव दिसतो. आषाढात गुरे व लेकरे रोगापासून वाचावीत म्हणून तेथे सीतळेची पूजा होते, तर श्रावणातील तीजेला कुमारिका टोपल्यांत गहू पेरून त्याचे अंकुर जोपासतात. विधी निराळे असले, तरी पीक, जनावर व लेकरू यांचे रक्षण ही इच्छा सर्वत्र एकच आहे.

आंबिलीने कीड जाते काय, असा प्रश्न शाळेतील मुले विचारतील. त्यांना सरळ सांगावे, की आंबिलीने कीड जात नाही. परंतु चर शिंपताना मालक आपल्या शेताची चारही बाजूंनी फेरी करतो, आणि ही फेरी मोलाची आहे. हरभऱ्यावर घाटेअळी आहे काय, ज्वारीच्या पोंग्यात लष्करी अळी शिरली आहे काय, हे याच फेरीत पाहता येईल. घाटेअळीवर नजर ठेवण्यासाठी हेक्टरी ५ कामगंध सापळे लावण्याची शिफारस आहे. हेंडगा पेटविताना मात्र वाळल्या पिकापासून दूर राहावे.

आता थोड्या कठीण विषयाकडे वळतो. आपल्या जिल्ह्यातील फार मोठा वर्ग दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जातो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततो. तांड्यावरील सीतळा व तीज पावसाळ्यात येत असल्याने त्या वेळी ही माणसे घरी असतात. येळवशीला मात्र ती पश्चिम महाराष्ट्रात अथवा कर्नाटकात उसाच्या फडात असतात. तेथे त्यांच्या निवाऱ्यालाही कोपीच म्हणतात. शेतातल्या कोपीत आपण पांडवांना एक दिवस बसवितो; फडावरच्या कोपीत आपलीच लेकरे चार-पाच महिने थंडीवाऱ्यात काढतात, आणि तेवढे महिने त्यांची शाळा बुडते. पिकाभोवती रक्षणाची रेघ ओढणाऱ्या गावाने ही लेकरे त्या रेघेबाहेर ठेवावीत काय?

उपाय अगदीच नाहीत असे नव्हे. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. २०२१ मध्ये राज्य शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर केली. पालकांबरोबर जाणाऱ्या मुलांना शिक्षण हमी पत्रक देता येते. त्याच्या आधारे दुसऱ्या गावच्या शाळेत त्यांचे शिक्षण पुढे चालू राहू शकते. परंतु योजना कागदावरून गावात उतरावयाची, तर गावाला आपली मुले मोजता आली पाहिजेत. टोळीची गाडी निघाल्यावर यादी करून उपयोग नाही.

म्हणून माझी दोन कामांची विनंती आहे. दसरा-दिवाळीदरम्यान पंचायत सदस्य व शिक्षकांनी घरोघर जाऊन बाहेर जाणाऱ्या कुटुंबांची व मुलांची नोंद करावी. आजी-आजोबांपाशी कोण राहील, वसतिगृहात कोण राहील आणि बरोबर कोण जाईल, हे तेव्हाच ठरवावे. पुढे येळवशीला चर शिंपून झाल्यावर, पंगतीला बसण्यापूर्वी, ती यादी पुन्हा वाचावी आणि प्रत्येक मूल आज कोणत्या शाळेत आहे याची खातरजमा करावी. ज्याचा पत्ता लागणार नाही, त्याच्या आईबापांना तेथूनच दूरध्वनी लावावा.

अनोळखी वाटसरूलाही हाक मारून जेवू घालणारी ही आपली माणसे आहेत. आपल्याच दूर गेलेल्या लेकराला हाक घालणे त्यांना जड जाणार नाही, असा मला विश्वास वाटतो.