घड्याळ चालते की धावते?



इंग्रजीतील ‘रन’ हा शब्द मराठी मुलाला प्रथम भेटतो तो बहुधा क्रिकेटच्या मैदानावर. पाठ्यपुस्तकात त्याचा अर्थ ‘धावणे’ एवढ्यावर उरकलेला असतो. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत दीर्घ नोंद ‘सेट’ या शब्दाची होती. तिसऱ्या आवृत्तीसाठी फेरतपासणी करताना कोशकार पीटर गिलिव्हर यांनी एकट्या ‘रन’साठी सुमारे नऊ महिने खर्ची घातले आणि या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदवले गेले.

हा पसारा मनमानी नाही. नदी, गळणारे नाक, धुण्यात पसरणारा रंग यांच्यासाठी इंग्रज ‘रन’ वापरतो, तेव्हा त्याच्या मनात वाहणे असते. पुढे यंत्रे आली. घड्याळ, आगगाडी, गिरणी आणि अलीकडे संगणकाची आज्ञावलीही ‘रन’ होऊ लागली. दुकान सांभाळणारा ते ‘रन’ करतो. अमेरिकेतला उमेदवार निवडणुकीसाठी धावतो. इंग्लंडमधला मात्र, आपल्याकडच्यासारखाच, उभा राहतो!

मराठीने हेच काम सोपवले आहे ‘चालणे’ या क्रियापदाकडे. घड्याळ चालते, दुकान चालते, खटला चालतो, खोटे नाणे चालत नाही. इंग्रजांचे यंत्र धावते, आपले चालते. त्यामुळे एखादा विद्यार्थी ‘माय वॉच इज वॉकिंग’ असे लिहितो आणि वहीवर तांबडी रेघ उमटते. चूक ती आहेच. पण ती अडाणीपणाची नव्हे. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळेत तर तिला दुहेरी आधार मिळतो, कारण रस्त्यावर कानी पडणाऱ्या हिंदीत आणि गुजरातीतही घड्याळ चालतच असते. दोन्ही वाक्ये फळ्यावर शेजारी शेजारी मांडणारा शिक्षक त्या मुलाला जे देतो, ते नुसत्या रेघेने मिळत नाही.

मराठी माध्यमामुळे मूल इंग्रजीत मागे पडेल, ही पालकांची काळजी हसण्यावारी नेण्याजोगी नाही. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी पुष्कळांची दमछाक होते, हे येथील माजी विद्यार्थी जाणतात. मात्र शब्दार्थांच्या याद्या पाठ करून ती दमछाक टळत नाही. ६४५ अर्थ खुद्द इंग्रजांनाही पाठ नसतात.

आणि एका शब्दाचे अनेक अर्थ सांभाळण्याची सवय मराठी मुलाला नवी थोडीच आहे? भूक लागते, ठेच लागते, डोळा लागतो, निकाल लागतो, नोकरी लागते, लग्न लागते. दूध खाली लागते, सुपारी लागते, घाटात गाडी लागते आणि घाट उतरला की गाव लागते. पाहुणा दारात आला की आजी विचारते, “हा आपला कोण लागतो?” त्या वेळी घरातले सहा वर्षांचे मूलही कोश उघडायला जात नाही.