सहा ठिपक्यांचा शिकारी

रायपूरहून बारनवापारा अभयारण्यात जाऊन आलेल्या माणसाला पहिला प्रश्न ठरलेला, ‘बिबट्या दिसला का?’ नसला दिसला तर मग गवा, अस्वल, गेला बाजार चितळ. पायाखाली काय पळत होतं, हे कुणी विचारत नाही. आज त्या पायाखालच्या शिकाऱ्याबद्दल.

अँथिया सेक्सगुटाटा हे त्याचं शास्त्रीय नाव. 1775 साली फाब्रिसियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने त्याची नोंद केली. चारेक सेंटिमीटर लांबीचा, काळाकुळकुळीत भुंगेरा. डोक्यामागच्या ढालीवर दोन आणि पाठीवर चार पांढरे ठिपके, कॅरमच्या सोंगट्या मांडल्यासारखे ठसठशीत. पावसाळ्यात, दिवस कलल्यावर, पाचोळ्यातून किडे धरत तो लगबगीने फिरतो.

दिसला तर बघा, पण उचलू मात्र नका. जबडे दणकट आहेतच, शिवाय पोटाच्या टोकातून तो फॉर्मिक आम्लाची चिळकांडी मारतो. डोळ्यांत गेली तर चांगलीच आग होते. पांढरे ठिपके ही त्याची आगाऊ सूचना. तिचा दरारा एवढा, की दक्षिणेकडच्या रानातलं एक ठिपकेवालं झुरळ याचीच नक्कल करत असावं, असं अभ्यासक मानतात. झुरळाची अक्कल वाखाणण्यासारखी!

पण या दांडगोबाला उडता येत नाही. पाठीवरचे कठीण पंख एकमेकांना जुळलेले असतात. जायचं ते पायी. त्यामुळे जंगलाची जमीन जशी असेल, तसं याचं नशीब.

आणि फाल्गुन-चैत्रात या जमिनीला काडी लागते. मोहाची फुलं पहाटे गळतात. पाचोळ्यातून ती वेचणं जिकिरीचं, म्हणून झाडाखालचा पाला पेटवून जागा मोकळी करतात. आग कधीकधी हाताबाहेर जाते. साग नि तेंदू पुन्हा फुटतात. पाचोळ्याच्या आसऱ्याने जगणाऱ्या किड्यामुंग्यांचं मात्र कठीण होतं. वेचणाऱ्यांना दोष देणं सोपं आहे, पण त्या टोपलीवर घरचा मीठमिरचीचा खर्च भागतो.

छत्तीसगडात आता काही गावांत मोहाखाली जाळी बांधतात. फुलं वरच्या वर झेलली जातात, माती लागत नाही, मालाला भाव बरा येतो आणि पाला पेटवावा लागत नाही. जाळी आणताना भुंगेऱ्याचा विचार कुणाच्याच मनात नव्हता म्हणा.