वराह एकटा वाढवावा की कळपात?

पुणे-सोलापूर रस्त्यावर, यवतजवळ भांडगाव आहे. दौंड तालुक्यातला हा पट्टा उसाचा आणि दुधाचा. मुक्तसंचार गोठा इकडच्या दूधवाल्यांना आता नवा नाही. दावं सोडलं, गाय कुंपणात मोकळी फिरू लागली, तहान लागेल तेव्हा पाणी पिऊ लागली, की तिला ते मानवतं. त्यामुळे जोडधंदा म्हणून वराहपालनाकडे वळणारा तरुण साहजिकच म्हणतो, वराहही चार सोबत्यांत मोकळे ठेवले की झपाट्याने वाढतील.

वराहांच्या बाबतीत मात्र हिशेब इतका सरळ नाही. परदेशात झालेल्या अनेक प्रयोगांत असं दिसलं, की स्वतंत्र कप्प्यातला वराह कळपातल्या वराहापेक्षा सहसा जास्त खातो आणि त्याचं वजनही लवकर वाढतं. कारण साधं आहे. एकट्याला गव्हाणीवर कोणी ढकलत नाही. तो दिवसभरात थोडं थोडं, पुष्कळ वेळा खातो. कळपात जागा कमी पडली की खाण्याच्या खेपा कमी होतात आणि मिळेल तेव्हा घाईघाईने ओरपणं सुरू होतं. दांडगा आधी खातो, दुबळा मागे राहतो.

मग प्रत्येकाला वेगळं कोंडावं का? तसं करू नये. एक तर भिंती, गव्हाणी, पाण्याची सोय आणि साफसफाई यांचा खर्च परवडत नाही. दुसरं म्हणजे वराह हा कळपात राहणारा, हुशार प्राणी आहे. थंडीत पिलं एकमेकांना बिलगून ऊब घेतात. अरुंद पिंजऱ्यात जन्म काढणं हे त्याच्या स्वभावाविरुद्ध आहे. म्हणूनच युरोपीय संघाने 1 जानेवारी 2013 पासून गाभण माद्यांना, पहिले चार आठवडे आणि विण्याआधीचा आठवडा सोडला, तर गटातच ठेवण्याचं बंधन घातलं.

नीट पाहिलं तर वाढ खुंटते ती सोबतीमुळे नव्हे, सोबतीत होणाऱ्या ओढाताणीमुळे. ती ओढाताण कमी करणं आपल्या हातात आहे. एका कप्प्यात सारख्या वजनाची, शक्यतो एकाच वेळची दहा-बारा पिलं ठेवा. एकदा जमलेला गट मोडू नका. नवा वराह आत सोडला, की मान-पान ठरेपर्यंत एक-दोन दिवस मारामारी चालते आणि तेवढं खाद्य वाया जातं. मोठ्या वराहाला गव्हाणीवर साधारण एक फूट जागा हवी. छपराखाली प्रत्येकी एक ते दीड चौरस मीटर जागा द्या. दहा जनावरांमागे पाण्याचं किमान एक निपल असू द्या. दोन असली तर उत्तम.

आपल्या उन्हाळ्यात दाटीचा त्रास दुप्पट होतो. वराहाला घाम जवळजवळ येतच नाही. सावली, वारा आणि अंगावर पाणी मिळालं नाही तर तो खाणं कमी करतो. दाटीने वैतागलेले वराह एकमेकांच्या शेपट्या चावतात, जखमा चिघळतात.

काहींना मात्र वेगळं ठेवायलाच हवं. वयात आलेला नर, आजारी किंवा जखमी जनावर आणि विण्याच्या बेतातली मादी. वराहाचा गर्भकाळ तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवसांचा. विण्याच्या आठवडाभर आधी मादीला स्वतंत्र कप्प्यात न्या आणि भिंतीलगत आडवी दांडी बसवा, म्हणजे पिलं तिच्या अंगाखाली चिरडत नाहीत.

या धंद्यात खर्चाचा सर्वांत मोठा वाटा खाद्याचा असतो. दहापैकी आठ वराह एकदम विक्रीला आले आणि दोन मागे राहिले, तर ते दोघे पुढचा महिनाभर बसून खातात आणि आठांनी मिळवलेला नफा कमी करतात. म्हणून कप्प्यातला सर्वांत मोठा वराह पाहून खूश होऊ नका. खाद्य टाकल्यावर पाच मिनिटं तिथेच उभे राहा आणि सर्वांत लहान वराहाला गव्हाणीपर्यंत पोचता येतं का, ते पाहा. तो पोचत असेल, तर तुमचा कळप बरोबर आहे.